धावत्या गाड्यांच्या नेटवर्कमध्ये पॅकेट पुढे कसं न्यायचं: नवख्यांसाठी पायरीपायरीने

दोन गाड्या समोरासमोरून येत आहेत. दोन्हींचा वेग ताशी ९० किमी, म्हणजे सेकंदाला २५ मीटर. रेडिओचा पल्ला २५० मीटर धरा. अंतर २५० मीटरवर आलं की बोलणं सुरू होतं, गाड्या एकमेकींना ओलांडून पुन्हा २५० मीटर लांब गेल्या की तुटतं. मधे ५०० मीटर, सापेक्ष वेग सेकंदाला ५० मीटर. हातात आले फक्त १० सेकंद. आता एकाच दिशेने जाणाऱ्या दोन गाड्या घ्या, एक ९० च्या वेगाने, दुसरी ७२ च्या. सापेक्ष वेग सेकंदाला ५ मीटर. तीच भेट आता १०० सेकंद टिकते.

वाहनांच्या वायरलेस नेटवर्कमधल्या राउटिंगची जवळजवळ सगळी डोकेदुखी या दहा आणि शंभरमध्ये आहे. घरातल्या किंवा ऑफिसातल्या नेटवर्कमध्ये मार्ग एकदा सापडला की तो लक्षात ठेवायचा असतो. इथे लक्षात ठेवलेला मार्ग म्हणजे पाण्यावरची रेघ. म्हणून हा विषय शिकताना पहिल्यापासून एक सवय लावून घ्या: संपूर्ण मार्ग शोधायचा नाही, पॅकेट आत्ता ज्या गाडीत आहे तिथून पुढचा एक हात कोणता, एवढंच विचारायचं.

पॅकेट, हॉप, राउटिंग टेबल हे शब्द तुमच्या कानावरून गेले आहेत असं मी धरून चालतो. बाकीचं वाटेत बघू.

पायरी १: निरोप कुणाला द्यायचाय ते आधी ठरवा

नवखा माणूस थेट प्रोटोकॉलच्या नावांपासून सुरुवात करतो. नावं शेकड्याने आहेत आणि त्यांच्या तुलनेचे तक्ते त्याहून जास्त. ते सध्या बाजूला ठेवा. निरोप तीन प्रकारचे असतात आणि प्रत्येकाचं राउटिंग वेगळं असतं.

पहिला प्रकार: "मी इथे आहे, या वेगाने, या दिशेने चाललोय." हा आसपासच्या सगळ्यांसाठी. युरोपीय मानकात गाडी असा संदेश सेकंदाला १ ते १० वेळा पाठवते, अमेरिकी पद्धतीत साधारणपणे सेकंदाला १० वेळा. या संदेशाला बीकन म्हणतात. हा एकाच हॉपचा मामला आहे, इथे राउटिंगच नाही. पण पुढच्या बऱ्याच पायऱ्या याच संदेशांवर उभ्या आहेत, कारण शेजारी कोण हे त्यातूनच कळतं.

दुसरा: "या वळणानंतर रस्ता निसरडा आहे." हा कुठल्या एका गाडीसाठी नाही, एका जागेसाठी आहे. त्या जागेत आत्ता जी कुणी गाडी असेल तिला तो मिळायला हवा. याला जिओकास्ट म्हणतात. इथे पत्त्याच्या जागी गाडीचा क्रमांक नसतो, नकाशावरचं एक वर्तुळ किंवा आयत असतो.

तिसरा: एका विशिष्ट गाडीला, किंवा रस्त्याकडेला बसवलेल्या एका विशिष्ट युनिटला. हे युनिकास्ट.

संशोधनात सर्वात जास्त शाई तिसऱ्या प्रकारावर सांडली आहे, आणि प्रत्यक्ष रस्त्यावर उपयोग पहिल्या दोहोंचा. लांबच्या एका गाडीशी बोलायचं तर मोबाइल नेटवर्क आहेच, दहा गाड्यांच्या खांद्यावरून पॅकेट नेण्याचा आटापिटा कशाला? तुमच्या प्रकल्पाचा विषय "गाडीतून गाडीत दहा हॉपवरून व्हिडिओ" असा असेल, तर पुढे जाण्याआधी मार्गदर्शकांशी पुन्हा एकदा बोला. मी गंमत करत नाहीये.

पायरी २: रेडिओची कुवत समजून घ्या

यावर फार वेळ घालवू नका, पण चार गोष्टी पक्क्या हव्यात. वाहनांसाठीचं ८०२.११पी हे मानक २०१० मध्ये आलं. ते ५.९ गिगाहर्ट्झच्या आसपास, १० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवर चालतं. घरच्या वाय-फायसारखं आधी नेटवर्कमध्ये सामील व्हा, मग बोला, असं इथे नसतं; दहा सेकंदांच्या भेटीत तेवढी सवड कुठे असणार? गाडी थेट बोलायला लागते. दुसरा पंथ मोबाइल तंत्रज्ञानातून आला: थ्रीजीपीपी या मोबाइल मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या रिलीज १४ मधलं सी-व्हीटूएक्स, ज्यात गाड्या टॉवरशिवाय एकमेकींशी थेट बोलू शकतात. अमेरिकेत या कामासाठी १९९९ मध्ये ७५ मेगाहर्ट्झ राखून ठेवले होते. २०२० मध्ये त्यातले वरचे ३० ठेवून बाकीचे वाय-फायसारख्या वापराला द्यायचं ठरलं, आणि ते ३० सी-व्हीटूएक्सच्या वाट्याला गेले. रेडिओ कुठलाही असो, राउटिंगचा विचार फारसा बदलत नाही.

राउटिंगच्या दृष्टीने महत्त्वाचं हे: ५.९ गिगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे ५ सेंटिमीटर. अशी लहर इमारतीच्या कोपऱ्यावरून नीट वळत नाही. काटकोनातल्या दोन रस्त्यांवरच्या गाड्या नकाशावर ६० मीटरवर दिसतील, पण मधे इमारत असेल तर त्या एकमेकींना बहिऱ्या असू शकतात. हे विसरलं की पाचव्या पायरीवर गाडं अडतं.

आणि हवेतली जागा फुकट नाही. ३०० बाइटचा संदेश ६ मेगाबिटच्या दराने पाठवायला ०.४ मिलिसेकंद लागतात. पल्ल्यात १०० गाड्या, प्रत्येकीचे सेकंदाला १० संदेश: चॅनेलचा ४० टक्के वेळ नुसत्या "मी इथे आहे"मध्ये गेला. गाड्या २०० झाल्या तर ८० टक्के. सुरक्षेसाठीची सही आणि प्रमाणपत्र जोडलं की संदेश आणखी फुगतो. "बीकनचा वेग वाढवू, म्हणजे माहिती ताजी राहील" असं पुढे वाटेल, तेव्हा हा हिशोब आठवा.

पायरी ३: जुनी पद्धत एकदा मोडताना बघा

वाहनांच्या आधी मोबाइल ॲड-हॉक नेटवर्क हा विषय होता: लॅपटॉप घेऊन चालणारी माणसं, फार तर सावकाश फिरणारी वाहनं. त्यातले तीन प्रोटोकॉल अजून सगळीकडे भेटतात. एओडीव्ही, २००३ च्या आरएफसी ३५६१ मधला (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेले क्रमांकित दस्तऐवज). ओएलएसआर, त्याच वर्षीच्या आरएफसी ३६२६ मधला. आणि डीएसआर, २००७ च्या आरएफसी ४७२८ मधला.

एओडीव्ही गरज पडेल तेव्हा मार्ग शोधतो. "अमुक नोड कुणाला माहीत आहे का?" अशी हाक सगळीकडे पसरते, उत्तर आलेल्या वाटेने परत येतं, आणि वाटेतला प्रत्येक नोड पुढचा हॉप लिहून ठेवतो. डीएसआरही असाच, फक्त अख्खी वाट पॅकेटच्याच डोक्यावर लिहिलेली असते. ओएलएसआर उलट स्वभावाचा: मागणी असो-नसो, सगळ्यांचे मार्ग आधीच काढून ठेवतो.

आता आरएफसीतले मूळ आकडे रस्त्यावर आणून बघा. एओडीव्हीचा हॅलो संदेश दर सेकंदाला, आणि दोन हॅलो चुकले की शेजारी गेला असं समजायचं. म्हणजे सुमारे २ सेकंद. समोरून येणाऱ्या गाडीच्या बाबतीत २ सेकंद म्हणजे १०० मीटर. ओएलएसआरमध्ये हॅलो २ सेकंदांनी आणि शेजाऱ्याची नोंद ६ सेकंद टिकते. ६ सेकंदांत ३०० मीटर, म्हणजे पल्ल्यापेक्षाही जास्त! गाडी निघून गेलेली असते आणि वहीत तिचं नाव तसंच.

त्यात भर साखळीच्या गणिताची. एखादा दुवा पुढचे काही सेकंद टिकण्याची शक्यता ०.९ असेल तर पाच हॉपची वाट टिकण्याची शक्यता ०.५९, आणि दहा हॉपची ०.३५. दुवा तुटला की त्रुटीचा संदेश मागे जातो, पुन्हा हाकाटी, पुन्हा उत्तर. गाड्या जास्त असतील तर ही हाकाटीच चॅनेल खाऊन टाकते.

तरी हे प्रोटोकॉल एकदा स्वतः चालवून बघाच. एनएस-३ या सिम्युलेटरमध्ये ते तयार मिळतात. फक्त ते "वाईट" आहेत असा शेरा मारून मोकळे होऊ नका. एकाच दिशेने, सारख्या वेगाने जाणाऱ्या गाड्यांच्या ताफ्यात, दोन-तीन हॉपपर्यंत, एओडीव्ही छान चालतो. तिथे दुवे शंभर सेकंदांवालेच असतात.

पायरी ४: जागेवरून पुढचा हॉप निवडा

इथून खरा विषय सुरू होतो, आणि तुम्ही सर्वात जास्त वेळ इथेच घालवावा असं माझं मत आहे.

कल्पना साधी आहे. प्रत्येक गाडीला स्वतःची जागा जीपीएसवरून माहीत. शेजाऱ्यांच्या जागा त्यांच्या बीकनमधून माहीत. गंतव्याची जागा पॅकेटमध्ये लिहिलेली. मग गंतव्याच्या सर्वात जवळ असलेल्या शेजाऱ्याला पॅकेट द्यायचं. त्याने तेच करायचं. याला ग्रीडी फॉरवर्डिंग म्हणतात. ब्रॅड कार्प आणि एच. टी. कुंग यांनी २००० मध्ये मांडलेला जीपीएसआर याच पायावर उभा आहे. कुठेही पूर्ण मार्ग साठवलेला नाही, त्यामुळे मार्ग तुटण्याचा प्रश्नच उरत नाही. तुटतो तो फक्त समोरचा एक दुवा.

स्वतः लिहायला घ्याल तर शेजारी-तक्त्यापासून सुरुवात करा. प्रत्येक ओळीत गाडीची ओळख, जागा, वेग, दिशा, आणि बीकन कधी आला ती वेळ. वेग आणि दिशा विसरू नका. जुन्या वर्णनांत नुसती जागा असते आणि लोक तेवढीच उतरवून घेतात.

पहिला खड्डा लगेच येतो. ग्रीडी नेहमी सर्वात लांबचा शेजारी निवडणार, कारण तोच गंतव्याच्या सर्वात जवळ. पण सर्वात लांबचा शेजारी पल्ल्याच्या काठावर असतो. म्हणजे निसटून जाण्याच्या बेतात असलेलाच तुम्ही दर वेळी हेरून काढता. जीपीएसआरच्या मूळ मांडणीत शेजाऱ्याची नोंद बीकनच्या अंतराच्या ४.५ पट वेळ टिकते. बीकन १ सेकंदाचा धरला तर ४.५ सेकंद, म्हणजे समोरून येऊन गेलेल्या गाडीसाठी २२५ मीटरची चूक. पॅकेट हवेत फेकलं, घ्यायला कुणी नाही, रेडिओ पुन्हा पुन्हा प्रयत्न करतोय, तोवर मागे रांग साठली.

यावर तीन उपाय, या क्रमाने करा.

एक: तक्त्यातली जुनी जागा तशीच वापरू नका. जागा अधिक वेग गुणिले उलटलेला वेळ, एवढा अंदाज काढा. शेजारी ०.८ सेकंदांपूर्वी १९० मीटर पुढे होता आणि तुमच्यापेक्षा सेकंदाला ५० मीटर जास्त वेगाने दूर जातोय, तर तो आता २३० मीटरवर आहे. एका ओळीचा कोड, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फळ देणारा.

दोन: दुवा किती टिकेल तेही बघा. सरळ रस्त्यावर उरलेलं अंतर भागिले सापेक्ष वेग. २३० मीटरवरची गाडी सेकंदाला १० मीटरने लांब जातेय, पल्ला २५०, उरले २ सेकंद. १८० मीटरवरची सेकंदाला १ मीटरने लांब जातेय, उरले ७० सेकंद. ५० मीटरच्या लोभापायी पहिली निवडू नका. काठावरचे शेजारी शक्यतो टाळायचे, असा ढोबळ नियमही सुरुवातीला पुरतो.

तीन: रेडिओने "पोहोचलं नाही" असं कळवलं तर तो शेजारी तक्त्यातून ताबडतोब काढा आणि तेच पॅकेट दुसऱ्याला द्या. नोंद आपोआप शिळी होण्याची वाट बघत बसू नका.

एक चोरी इथेच पकडून ठेवा. गंतव्याची जागा पॅकेटमध्ये "लिहिलेली असते" असं मी सहज म्हणून गेलो. ती लिहिली कुणी? धावत्या गाडीची जागा दुसऱ्या गाडीला आपोआप कळत नाही, ती विचारावी लागते, आणि विचारणं म्हणजे पुन्हा हाकाटी. सिम्युलेशनमध्ये लोक ही जागा थेट सिम्युलेटरच्या पोटातून काढून घेतात, आणि मग "आमचा प्रोटोकॉल एओडीव्हीपेक्षा हलका" असा निष्कर्ष काढतात. एओडीव्ही शोधाची किंमत मोजतोय, तुम्ही मोजत नाही. गंतव्य रस्त्याकडेचं स्थिर युनिट असेल किंवा एखादी जागाच असेल, तर ही अडचण मुळातच नाही. जिओकास्ट मला जास्त प्रामाणिक वाटतो तो यासाठी.

पायरी ५: पुढे रस्ताच नसेल तर

ग्रीडी कधीतरी अडतो. गंतव्याच्या सर्वात जवळ तुम्हीच आहात, पण गंतव्य पल्ल्यात नाही. समोर नदी, मैदान किंवा इमारतींचा गठ्ठा. याला स्थानिक कमाल म्हणतात.

जीपीएसआरचं उत्तर: उजव्या हाताचा नियम. भुलभुलैयात भिंतीला हात लावून चालत राहिलं की बाहेर पडता येतं, तसं पॅकेट पोकळीच्या कडेकडेने फिरवायचं. मात्र त्यासाठी दुव्यांचं जाळं एकमेकांना न छेदणारं लागतं, म्हणून काही दुवे गाळतात. गॅब्रिएल आलेखाची कसोटी अशी: दोन शेजाऱ्यांमधलं अंतर हा व्यास मानून वर्तुळ काढा, आत तिसरा नोड असेल तर तो दुवा सोडा.

कागदावर सुंदर. शहरात मात्र रडतं. या कसोटीत गृहीत धरलेलं असतं की वर्तुळातला तिसरा नोड दोघांनाही ऐकू येतो. मधे इमारत असेल तर तो एकालाच ऐकू येतो, आणि गाळलेला दुवा नेमका एकमेव चालणारा दुवा निघतो. शिवाय दोन गाड्यांमध्ये तिसरी गाडी असली की लांबची उडी गाळली जाते, आणि पॅकेट बसच्या रांगेसारखं एकेक गाडी सरकत राहतं.

शहराची खरी रचना चौकांची आहे, हे ओळखून २००५ मध्ये ख्रिश्चन लोखर्ट आणि सहकाऱ्यांनी जीपीसीआर मांडला. रस्त्यावर असताना निर्णय घ्यायचाच नाही. रस्ता सरळ आहे, पॅकेट पुढेच जाणार. निर्णय फक्त चौकात. त्यामुळे चौक ओलांडून लांब उडी मारण्याऐवजी पॅकेट चौकातल्या गाडीकडे द्यायचं आणि तिने कुठला रस्ता ते ठरवायचं. सुरुवातीच्या शहरी प्रकल्पासाठी मी हाच विचार सुचवेन. गाडीत नकाशा आहे असं धरलं तर आणखी सोपं: डायक्स्ट्राच्या, म्हणजे सर्वात छोटी वाट काढण्याच्या, पद्धतीने चौकांची यादी काढा आणि एका चौकातून दुसऱ्या चौकापर्यंत ग्रीडी चालवा. पण सर्वात जवळचा रस्ता रिकामा असेल तर तो पॅकेटसाठी रस्ताच नाही. म्हणून चौक निवडताना अंतराइतकंच वजन रहदारीला द्या.

आणि रहदारीच नसेल तर? पॅकेट टाकून द्यायचं नाही, खिशात ठेवायचं. गाडी चालतेच आहे, तीच पॅकेट वाहून नेईल. कुणी भेटलं की द्यायचं. जिंग झाओ आणि गुओहोंग काओ यांच्या २००६ च्या व्हीएडीडीमध्ये हेच आहे: प्रत्येक चौकात, कुठल्या रस्त्याने गेल्यास पॅकेट लवकर पोहोचण्याची अपेक्षा आहे, ते गणित करून वाट निवडायची. रेडिओ एका किलोमीटरला मिलिसेकंद घेतो, ताशी ६० ची गाडी त्याच किलोमीटरला पूर्ण एक मिनिट. म्हणजे जिथे जमेल तिथे हवेतून आणि नाइलाज असेल तिथे चाकावरून. पुढच्या चौकातल्या पार्किंगची माहिती अशी मिनिटभर उशिरा आली तरी चालते. अचानक ब्रेकचा इशारा चालत नाही. पायरी १ मधला प्रश्न इथे परत येतो.

पायरी ६: इशारा पसरवा, पण गोंगाट नको

जिओकास्टचा सर्वात भोळा प्रकार: ज्याने ऐकलं त्याने परत ओरडायचं. कोंडीत हे केलं तर सगळे एकदम ओरडतात आणि कुणालाच काही ऐकू येत नाही. याला ब्रॉडकास्ट वादळ असं नाव १९९९ च्या एका शोधनिबंधात मिळालं. त्यातलं गणित लक्षात राहण्यासारखं आहे: एकाचं ओरडणं ऐकून तुम्ही पुन्हा ओरडलात तर सरासरी ४१ टक्केच नवं क्षेत्र झाकलं जातं. तोच निरोप चार वेळा कानावर पडल्यावर ओरडलात तर ५ टक्क्यांहून कमी.

यावरचा उपाय मला या सगळ्या विषयात सर्वात देखणा वाटतो. पाठवणाऱ्याने पुढचा हॉप निवडायचाच नाही, ऐकणाऱ्यांनीच ठरवायचं. निरोप ऐकला की प्रत्येक गाडी थोडं थांबते. पाठवणाऱ्यापासून जितकी लांब, तितकं कमी थांबायचं. थांबलेलं असताना दुसऱ्या कुणी तोच निरोप पुढे पाठवलेला ऐकू आला की आपण गप्प. युरोपीय जिओनेटवर्किंग मानकात हे आहे: थांबायची वेळ १ ते १०० मिलिसेकंद, कमाल अंतर १००० मीटर. ८०० मीटरवरची गाडी सुमारे २१ मिलिसेकंद थांबते, २०० मीटरवरची सुमारे ८०. लांबची आधी बोलते, जवळची आपोआप गप्प बसते. शेजारी-तक्ता लागतच नाही, त्यामुळे शिळ्या नोंदींची कटकटही नाही.

अडचणी आहेत, पण छोट्या. सारख्याच अंतरावर दोन लेनमध्ये दोन गाड्या असतील तर दोघी एकदम बोलतात, म्हणून वेळेत थोडा यादृच्छिक भाग मिसळा. चौकात एका रस्त्यावरच्या गाडीने पुढे पाठवलं म्हणून आडव्या रस्त्यावरची गप्प बसली, तर आडवा रस्ता कोरडाच राहतो. तेव्हा गप्प बसण्याआधी, ज्याने पाठवलं तो माझ्याच रस्त्यावर आहे का, हे तपासा.

पहिला स्वतःचा कोड लिहायचा असेल तर हाच लिहा. शंभर-दीडशे ओळींत होतो आणि नीट चालतो.

पायरी ७: सिम्युलेशन, आणि त्यातली भुतं

रस्त्यावर शंभर गाड्या कुणी देणार नाही, त्यामुळे दोन सिम्युलेटर लागतात: एक गाड्या हलवणारा, एक पॅकेट हलवणारा. गाड्यांसाठी सुमो, जर्मनीच्या अंतराळ संस्थेत, डीएलआरमध्ये, जन्मलेला आणि मोफत. ओपनस्ट्रीटमॅपवरून नकाशा घ्या, सुमोबरोबरच्या नेटकन्व्हर्टने त्याचं रस्त्यांच्या जाळ्यात रूपांतर करा, रँडमट्रिप्सने फेऱ्या तयार करा. पॅकेटसाठी एनएस-३ किंवा ओमनेट++. ओमनेट++ आणि सुमो यांना जोडणारा व्हेन्स दोन्ही एकत्र चालवतो. पॅकेट मिळाल्यावर गाडीने रस्ता बदलायचा असेल तर अशी जोडणी लागेल. गाड्यांचं वागणं पॅकेटवर अवलंबून नसेल तर सुमोतून हालचालींची फाइल काढून एनएस-३ ला देणं पुरेसं आहे.

या फाइलच्या मार्गात भुतं भेटतात. तिच्यात गाडी सिम्युलेशनच्या सुरुवातीपासून आपल्या पहिल्या जागेवर उभी असते, जरी ती निघणार असते दोनशेव्या सेकंदाला. आणि प्रवास संपल्यावर शेवटच्या जागी तशीच उभी राहते. या उभ्या गाड्या बीकन पाठवतात, पॅकेट पुढे देतात, आणि तुमचा प्रोटोकॉल अफाट यशस्वी दिसतो. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा नकाशाच्या काठावर संपलेल्या गाड्यांची एक शिस्तबद्ध रांग सगळी पॅकेटं इकडून तिकडे पोचवत होती, आणि मी आकडे बघून खूश. उपाय: प्रत्येक गाडीची येण्याची आणि जाण्याची वेळ वेगळी काढा (सुमोच्या ट्रेसएक्स्पोर्टरमध्ये त्याची सोय आहे), आणि त्या वेळेबाहेर तिचा रेडिओ बंद ठेवा.

दुसरं भूत सुमोचंच. ३०० सेकंद अडकून पडलेली गाडी सुमो मूळ सेटिंगमध्ये उचलून पुढे नेऊन ठेवतो. नकाशावर ती गायब होऊन दुसरीकडे उगवते, आणि तुमच्या नोंदीत "दुवा अचानक तुटला" असं येतं. सुमोच्या इशाऱ्यांमध्ये टेलिपोर्ट हा शब्द वारंवार दिसला तर आधी रहदारी सुधारा, राउटिंगला दोष नंतर द्या.

रेडिओचं मॉडेल निवडताना नुसतं अंतर मोजणारं मॉडेल शहरासाठी घेऊ नका. इमारतींचा अडथळा मोजणारं मॉडेल व्हेन्समध्ये आहे, एनएस-३ मध्येही सोय करता येते. आणि रस्ते गाड्यांनी भरेपर्यंतचा वेळ मोजणीत धरू नका.

पायरी ८: मोजा, आणि मरणाचं कारण लिहा

पोहोचलेल्या पॅकेटांचं प्रमाण, लागलेला वेळ, आणि त्यासाठी खर्च झालेले जादा संदेश: हे तीन तरी हवेतच. वेळ मोजताना एक फसवणूक होते. सरासरी वेळ फक्त पोहोचलेल्या पॅकेटांची निघते. जो प्रोटोकॉल अवघड पॅकेटं टाकून देतो त्याचा वेळ छान दिसतो. जो ती खिशात घालून शेवटपर्यंत पोहोचवतो त्याचा वाईट. म्हणून वेळ आणि प्रमाण नेहमी शेजारी शेजारी मांडा. खिशात पॅकेट ठेवणाऱ्या पद्धतींमध्ये सिम्युलेशन संपताना किती पॅकेटं वाटेतच होती तोही आकडा द्या.

एका चालवणीवर विश्वास ठेवू नका. यादृच्छिक बीज (सिम्युलेटर ज्यावरून यादृच्छिक आकडे काढतो ती सुरुवातीची संख्या) बदलून निदान दहा वेळा चालवा आणि सरासरीबरोबर विश्वास-अंतरही, म्हणजे खरी सरासरी कोणत्या दोन आकड्यांमध्ये असावी तेही, काढा. गाड्यांची संख्या कमीतून जास्त अशी पाच-सहा टप्प्यांत बदला; कमी गाड्यांत पोकळ्या मारतात, जास्त गाड्यांत गोंगाट, आणि बहुतेक प्रोटोकॉल यातल्या एकाच टोकाला चांगले असतात.

सगळ्यात उपयोगी नोंद मात्र फारसं कुणी ठेवत नाही: प्रत्येक हरवलेलं पॅकेट कशाने मेलं. शेजारी निघून गेला होता, स्थानिक कमाल, हॉपची मर्यादा संपली, रांग भरली, हवेत टक्कर झाली, मुदत संपली. कोडमध्ये जिथे जिथे पॅकेट टाकलं जातं तिथे एकेक कारण छापा आणि शेवटी मोजा. मग यातलंच एक मेलेलं पॅकेट निवडा आणि पहिल्या गाडीपासून शेवटच्यापर्यंत त्याचा प्रवास कागदावर, नकाशावर पेन्सिलने काढा. प्रत्येक हॉपला तक्त्यात शेजारी कुठे होता आणि खरा कुठे होता, दोन्ही टिंबं द्या. अशी पाच पॅकेटं काढायला एखादी दुपार जाते, आणि पुढचा बदल चौथ्या पायरीत करायचा की पाचव्या, हे त्या टिंबांमधल्या अंतरावरून दिसतं.